समाविष्ट गावांचा वाली कोण?

30 जून 2021 रोजी सरकारने एक हुकूम काढला आणि पुण्याभोवतालची 23 गावे एका दिवसात शहर झाली. वाघोली, मांजरी बुद्रुक, नऱ्हे, पिसोळी, सूस, म्हाळुंगे, किरकटवाडी, नांदोशी, खडकवासला, सिंहगडाच्या वाटेवरचे नांदेड ही त्यांतली काही. सरपंच गेला, पंच गेले, ग्रामपंचायतीचे दप्तर महानगरपालिकेकडे गेले. गाव शहर झाले म्हणजे नेमके काय झाले, असे तिथल्या एखाद्या शेतकऱ्यास विचारावे. रस्ता होता तोच राहिला, आडाचे पाणी होते तेच राहिले. फक्त गाऱ्हाणे घेऊन जावयाचे ठिकाण तेवढे नाहीसे झाले.

ग्रामपंचायत म्हणजे रामराज्य होते असे आमचे म्हणणे नाही. वाड्यापुढचा दिवा आधी लागे आणि कुंभारवाड्यातला मागाहून, कधी लागतच नसे. हे आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे व त्यावर वेळोवेळी लिहिलेही आहे. तरी पण सरपंच संध्याकाळी पारावर सापडत असे. त्याला चारचौघांत अडवून ‘नळाचे काय झाले?’ असे विचारता येई. 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट, 2 ऑक्टोबर अशा दिवशी ग्रामसभा भरे, आणि ज्याचे कोणी ऐकत नाही अशी एखादी विधवा बाईही तीत उभी राहून बोलू शके. तिचे काम होवो न होवो, तिचे शब्द दप्तरात चढत.

आता महानगरपालिकेत गेल्यावर या गावांस नगरसेवक मिळावयास हवे होते. ते मिळाले नाहीत. जून 2021 मध्ये जे सभागृह होते त्यात या 23 गावांचा निवडून दिलेला एकही माणूस नव्हता. आणि मार्च 2022 मध्ये ते सभागृहच मुदत संपून बरखास्त झाले. पुढची निवडणूक झाली ती 15 जानेवारी 2026 रोजी. म्हणजे साडेचार वर्षे या गावांस ना सरपंच ना नगरसेवक. भारताच्या घटनेत 74 व्या दुरुस्तीने स्पष्ट लिहिले आहे की नगरपालिकेची मुदत पाच वर्षे, त्याहून अधिक नाही, आणि ती संपण्याच्या आत नवी निवडणूक पुरी झाली पाहिजे. हा कायदा 1993 पासून चालू आहे. तो पाळला गेला नाही आणि त्याबद्दल कोणाची एक दिवसाची पगारकपातही झाली नाही. आमच्या शेतकऱ्याने पाणीपट्टी चार महिने थकविली तर काय होते ते त्याला विचारा.

उशीर का झाला, तर इतर मागासवर्गीयांच्या राखीव जागांचा व प्रभागरचनेचा तंटा कोर्टात होता म्हणून. माळी, तेली, कुंभार, सुतार, लोहार यांना नगरपालिकेच्या खुर्चीपर्यंत पोचविणाऱ्या या जागा आहेत; त्या राहिल्याच पाहिजेत, यात आम्हांस तिळमात्र शंका नाही. परंतु आमच्या जागेचा वाद म्हणून सबंध घरालाच कुलूप लावून ठेवण्याचा न्याय आम्हांस समजत नाही. शेवटी मे 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निवडणुका घ्या असा हुकूम केला, व राखीव जागा 2022 पूर्वीप्रमाणे ठेवा असे सांगितले. हे जर 2025 मध्ये होऊ शकले तर 2022 मध्ये का होऊ शकले नाही?

या काळात कारभार कोणी केला? आयुक्तांनी, प्रशासक म्हणून. आयुक्त हे नेहमी सभेपुढे ठराव मांडीत आणि सभा तो मंजूर वा नामंजूर करी. सभा नाही म्हटल्यावर मांडणारा तोच आणि मंजूर करणाराही तोच. एखादा अधिकारी कितीही सचोटीचा असला तरी आपल्याच कागदावर ‘हरकत आहे’ असा शेरा तो कशाला मारील?

येथे जोतीराव फुले यांची आठवण होते. 1876 पासून काही वर्षे ते पुणे म्युनिसिपालिटीचे सभासद होते. लोकांनी निवडून दिलेले नव्हेत, सरकारने नेमलेले. तरीही व्हाइसरॉय लिटन साहेबांच्या स्वागतावर पैसे खर्चण्याचा ठराव आला तेव्हा हे पैसे गोरगरिबांच्या शिक्षणास लावा असे सांगून त्यांनी विरोध केला. मंडईच्या मोठ्या इमारतीच्या खर्चासही त्यांचा विरोध होता. (ती इमारत झालीच, आणि पुढे तिला त्यांचेच नाव लागले, हा काळाचा विनोद!) त्यांचे म्हणणे मान्य झाले नाही. पण ते बोलले, त्या सभेत बोलण्यास जागा होती, म्हणून आज आपणास ते ठाऊक आहे. मार्च 2022 नंतर पुण्यात विरोधात हात वर करावयाचा म्हटले तरी तो वर करण्यास सभागृहच नव्हते.

कोणी म्हणेल, नगरसेवक असून तरी काय दिवे लागतात? त्याने जानेवारी 2025 ची हकीकत आठवावी. सिंहगड रस्त्याच्या भागात, नांदेड, किरकटवाडी, नांदोशी, धायरी या बाजूस, माणसांचे हातपाय एकाएकी लुळे पडू लागले. गीयाँ-बारे या नावाचा तो आजार. पुणे भागात संशयितांचा आकडा दोनशेंच्या वर गेला, कित्येक जण श्वासाच्या यंत्रावर होते, काही दगावले. रोग्यांच्या तपासणीत कित्येकांत दूषित अन्नपाण्यातून शिरणारे जंतू सापडले, आणि सर्वांची नजर पाण्याकडे वळली. तेव्हा बाहेर आले की या गावांना नांदेडच्या एका मोठ्या विहिरीतून पाणी जात होते, आणि ते शुद्धीकरण केंद्रातून न जाता केवळ जंतुनाशक टाकून सोडले जात होते.

ही गावे आहेत कोठे? खडकवासल्याच्या धरणाच्या पायथ्याशी. एकोणिसाव्या शतकात बांधलेल्या त्या धरणाचे पाणी या गावांच्या शेजारून पुण्यास जाते, तेथे ते गाळून, शुद्ध करून पेठांत व बंगल्यांत पोचते. ‘धरण उशाला, कोरड घशाला’ ही म्हण आम्ही आजवर दुष्काळी मुलखाबद्दल वापरीत होतो. ती पुण्याच्या हद्दीत इतकी अक्षरशः खरी ठरेल असे वाटले नव्हते. विहिरीच्या पाण्याची गोष्ट गावातल्या प्रत्येक बाईस ठाऊक होती. हंड्याच्या तळाशी काय बसते ते तिनेच पाहिले होते. परंतु तिने ते सांगावयाचे कोणास? साथ येण्याआधी तीन वर्षे सभागृहात एक माणूस उठून ‘या विहिरीचे काय?’ असे दर महिन्यास विचारीत राहिला असता, तर निदान दप्तरात प्रश्न तरी असता.

दुसरा घोळ असा की गावे महानगरपालिकेत घातली, पण त्यांचा नियोजनाचा अधिकार सरकारने 2021 सालीच पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे ठेवला. म्हणजे बारा मजली इमारतीस परवानगी देऊन तिचे शुल्क घेणार एक कचेरी, आणि त्या इमारतीस पाणी, गटार, कचऱ्याची गाडी पुरविण्याचे ओझे दुसऱ्या कचेरीवर. नळ येईपर्यंत पाणी आम्ही पुरवू असे बिल्डरकडून लिहून घ्यावयाचे, आणि मग टँकरवाल्यांची दिवाळी. गावठाणातला जुना माणूस या सर्वांच्या खाली सापडतो. त्याच्या आडाचे पाणी नव्या कूपनलिकांनी खाली गेले, आणि टँकर विकत घेण्याइतका तो नव्या रहिवाशासारखा पगारदार नाही.

कराचेही असेच. महानगरपालिकेची बिले घरोघर गेली. गोठा, भट्टी, सुताराचे छप्पर यांचीही मापे निघाली. त्यावर गावांत इतका ओरडा झाला की सरकारास वसुलीस स्थगिती द्यावी लागली. फुरसुंगी व उरुळी देवाची यांची कथा याहून कडू. पुण्याचा कचरा यांच्या माथी 1990 नंतरची कित्येक वर्षे पडला, विहिरी नासल्या. 2017 साली त्यांना शहरात घेतले. आणि करांचा भार सोसून सोयी मिळत नाहीत म्हणून त्यांनी बाहेर पडण्याचा हट्ट धरला. 2024 साली त्यांची निराळी नगरपरिषद झाली. शहरातून बाहेर काढा म्हणून लोक सरकारच्या दारी बसतात, यावरून शहराने त्यांना काय दिले ते ओळखावे.

2026 च्या निवडणुकीने पुण्यास 165 नगरसेवक मिळाले. पण हे 165 जण 41 प्रभागांतले. एका प्रभागात चार, एकात पाच. 2011 च्या शिरगणतीने पाहिले तरी एका प्रभागात सरासरी ऐंशी हजारांवर माणसे येतात. पहिल्याकडे जावे तर तो दुसऱ्याचे नाव सांगतो, दुसरा तिसऱ्याचे. एका दावणीला चार धनी, आणि म्हशीला वैरण कोणीच घालीत नाही! मुंबईत एका प्रभागास एक नगरसेवक असतो; पुण्यास मात्र चौघांचे कडबोळे का, याचे उत्तर कोणा पक्षाने दिलेले आमच्या ऐकिवात नाही.

एक शस्त्र मात्र कायद्यात पडून आहे. 2009 साली महाराष्ट्रात शहरांसाठी क्षेत्रसभेची तरतूद झाली. ग्रामसभेसारखीच ही मतदारांची सभा, नगरसेवकाने भरवावयाची. आमच्या वाचकांपैकी कितीजण अशा सभेस बसले आहेत? ग्रामसभेची सवय असलेली माणसे शहरात उरली असतील तर ती या नव्या गावांतच. पेठेतल्या माणसाला ही गोष्ट ठाऊक नाही, तुम्हांस आहे. चौघांही नगरसेवकांस क्षेत्रसभा भरविण्याची मागणी लेखी द्या आणि पोच घ्या. सभेत भाषणे होऊ देऊ नका. विहिरीचे पाणी आता कोणत्या केंद्रातून जाते, त्याची तपासणी कोण व कधी करतो, गेल्या तपासणीचा कागद कोठे आहे, एवढेच चौघांना एकाच ओट्यावर बसवून विचारा. आणि बायकांना पुढे बसवा. हंड्याचा तळ त्यांनी पाहिला आहे.