केळुसकर गुरुजींची खुर्ची

‘मुदतीत अर्ज न भरल्यास होणाऱ्या नुकसानीस विद्यार्थी सर्वस्वी जबाबदार राहील.’ हे वाक्य दरवर्षी कॉलेजांच्या सूचना फलकांवर लागतं. या आठवड्यात ते पुन्हा वाचलं आणि तळपायाची आग मस्तकात गेली.

कारण आमच्या सोसायटीच्या वॉचमनचा मुलगा. जालना जिल्ह्यात दोन एकर कोरडवाहू, बाप इथे रात्रपाळीला, मुलगा दुसऱ्या शहरात कॉट बेसिसवर राहून इंजिनिअरिंग करतोय. तिसरं वर्ष. परवा भेटला तेव्हा म्हणाला, “काका, वसतिगृहाचा पंजाबराव देशमुख भत्ता असतो म्हणे. मेसमध्ये एकानं सांगितलं.” असतो ना! अल्पभूधारक शेतकऱ्यांच्या आणि नोंदणीकृत मजुरांच्या व्यावसायिक शिक्षण घेणाऱ्या मुलांसाठीच ही योजना आहे. फी सवलतीचा अर्ज तो पहिल्या वर्षापासून भरतोय. गावातला सेतूवाला भरून देतो आणि सगळ्यांची असते तीच एक योजना निवडतो. बापाचं उत्पन्न, गाव, राहण्याचा पत्ता, सगळं कॉलेजच्या प्रवेश अर्जात लिहिलेलं आहे. तीच कागदपत्रं तिथल्या टेबलावर तपासली गेली, अर्ज पुढे गेला, पण ‘अरे, तुला भत्ताही मिळेल’ असं कुणी म्हणालं नाही. गेलेल्या वर्षांचा अर्ज आता भरता येत नाही. आणि जबाबदार कोण, तर विद्यार्थी.

योजना कमी नाहीत. फीसाठी राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्ती आहे, तिची उत्पन्नमर्यादा 8 लाख. अनुसूचित जातीच्या मुलांसाठी भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती, मर्यादा अडीच लाख. त्यांच्यापैकीच वसतिगृहात जागा न मिळालेल्यांसाठी स्वाधार योजना. बहुतेक अर्ज महाडीबीटीवर, केंद्राचे राष्ट्रीय पोर्टलवर. संशोधनाकडे वळलात की बार्टी, सारथी, महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थांच्या अधिछात्रवृत्त्या. दाखल्यांवरचा माझा राग या सदराच्या वाचकांना जुना आहे, म्हणून एवढंच सांगतो: वर्षाचा उत्पन्नाचा दाखला 31 मार्चला संपतो, आणि दर पावसाळ्यात तोच बाप तेच उत्पन्न सिद्ध करायला रोजंदारी बुडवून तहसीलला जातो.

शिष्यवृत्ती म्हटलं की आपण लगेच बाबासाहेबांचं उदाहरण देतो. 1913 साली बडोद्याच्या सयाजीरावांनी दरमहा साडेअकरा पौंड दिले आणि ते कोलंबिया विद्यापीठात गेले. पण त्या आधीची गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. चर्नी रोडच्या बागेत रोज वाचत बसणारा एक शाळकरी मुलगा कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजींच्या नजरेस पडला. त्यांनी चौकशी केली, पुस्तकं दिली. पुढे कॉलेजचं शिक्षण पैशांवाचून अडलं, तेव्हा गुरुजीच त्याला सयाजीरावांकडे घेऊन गेले आणि दरमहा 25 रुपये सुरू झाले. इतकी लखलखीत बुद्धी, तरीही ती शिष्यवृत्ती भीमरावांनी शोधलेली नव्हती. त्यांच्यासाठी ती एका मोठ्या माणसानं शोधली. आपण मात्र अठरा वर्षांच्या, घरातून पहिल्यांदाच कॉलेज पाहणाऱ्या मुलीला मोबाईल हातात देऊन सांगतो, शोध तुझं तू.

असं माणूस आजही कुठे कुठे असतं. एका तालुक्याच्या कॉलेजात शिष्यवृत्तीच्या टेबलावर एक बाई आहेत. प्रवेश झाले की त्या प्रत्येक अर्ज वाचतात आणि एका रजिस्टरात लिहून काढतात, कोण कशाला पात्र. मग वर्गात जाऊन नावं घेतात. संध्याकाळी, शेतातून माणसं घरी परतल्यावर, पालकांना फोन. “दादा, पोरीचं खातं आधारला जोडलंय का? नुसतं खातं असून पैसे येत नाहीत.” अर्ज त्रुटीसाठी ‘सेंट बॅक’ झाला की मुलाच्या आधी बाईंना कळतं, कारण त्या रोज लॉगिन करून बघतात. परीक्षेचे फॉर्म आणि पगारबिलंही त्यांच्याकडेच. हे रजिस्टर त्यांना कुठल्याही नियमानं सांगितलेलं नाही. नियमानं त्यांनीही तेच वाक्य फलकावर लावायचं आणि मोकळं व्हायचं.

माझं म्हणणं एवढंच, की हे काम कुणाच्या चांगुलपणावर का सोडायचं? प्रत्येक कॉलेजात या एकाच कामासाठी एक खुर्ची असावी, आणि पात्र असून वंचित राहिलेल्या मुलांची यादी वर्षाअखेर तिथे बसणाऱ्याकडून मागावी. फलकावर लावायची असेल तर ती यादी लावा.

तोवर आमच्या भागातल्या एका कॉलेजच्या प्राचार्यांशी बोललो आहे. अर्जांचे दिवस संपेपर्यंत ते ग्रंथालयाबाहेर एक टेबल द्यायला तयार आहेत. निवृत्त तलाठी, बँकेतली, कॉलेज कार्यालयातली माणसं हे सदर वाचतात, हे तुमच्या पत्रांवरून मला माहीत आहे. दुपारी दोन तास ज्यांना जमतील, त्यांनी मला कळवा.