पान कोणते, पर्णिका कोणती?
गुढीपाडव्याला कडुनिंबाची पाने म्हणून आपण जी खुडतो, त्या वस्तुतः पर्णिका असतात. आंब्याचे पान साधे. एका देठावर एकच अखंड पाते. कडुनिंबाचे पान संयुक्त. लांब दांडीच्या दोन्ही बाजूंना दातेरी पर्णिकांची रांग. देठ फांदीला मिळतो त्या बेचक्यात बारीक डोळा, म्हणजे मुकुल असते. पर्णिकेच्या बुडाशी ते नसते. हीच पानाची खूण.

हा भेद निव्वळ शास्त्रापुरता नाही. बकाणनिंब कडुनिंबासारखाच भासतो. मात्र त्याच्या पानाची दांडी पुन्हा उपदांड्यांत विभागलेली असते आणि त्याची फळे विषारी असतात. म्हणून घरातील वडीलधाऱ्यांसाठी पाला आणताना सुट्या पर्णिकांवर विसंबू नये. संपूर्ण डहाळी निरखून मगच खुडावी.