बाळंतिणीच्या मनाची नोंद कोण घेणार?

एटापल्ली तालुक्यातील एखाद्या दूरच्या टोल्यावर बाई बाळंतीण झाली की शासनाची आरोग्ययंत्रणा आशा कार्यकर्तीच्या रूपाने तिच्या दारी येते. तिसऱ्या दिवसापासून बेचाळिसाव्या दिवसापर्यंत ठरलेल्या घरभेटी होतात; बाळाचे वजन होते, ताप पाहिला जातो, ते अंगावर नीट पिते की नाही हे तपासले जाते. ही पद्धत याच गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने सिद्ध केली आणि २०११ मध्ये ती देशाने स्वीकारली. जिल्ह्याने अभिमान बाळगावा अशीच ही गोष्ट आहे. परंतु या भेटींच्या नोंदपत्रकात आईच्या मनाविषयी विचारले जाते ते एवढेच, की ती असंबद्ध बोलते काय. जी असंबद्ध बोलत नाही, पण आठ-आठ दिवस कोणाशी काहीच बोलत नाही, तिची नोंद कोठे व्हावयाची?

बाळंतपणानंतरच्या पहिल्या आठवड्यात डोळे भरून येणे, जीव कासावीस होणे हे बहुतेकींना होते आणि आपोआप ओसरते. मात्र हीच उदासी आठवडेच्या आठवडे टिकली, झोप उडाली, अन्न गोड लागेनासे झाले, बाळाविषयी ओढ वाटेनाशी झाली, तर तो आजार होय. भारतातील ३८ अभ्यासांचा एकत्रित आढावा २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला; त्यानुसार शंभरांतील सुमारे २२ बाळंतिणींना या अवस्थेने गाठलेले असते. हजारात एखाददुसरीला तर भ्रम होतात, आणि तेव्हा तिच्या व बाळाच्या जिवाला धोका असतो. अशा बाईला घरचे लोक आळशी म्हणतात, शेजारपाजारचे बाहेरची बाधा म्हणतात आणि शासन काहीच म्हणत नाही.

हा दोष त्या बाईच्या स्वभावात शोधणे अन्यायाचे आहे. गोव्यात २७० मातांची पाहणी झाली व तिचे निष्कर्ष २००२ मध्ये प्रसिद्ध झाले. सहा ते आठ आठवड्यांच्या सुमारास त्यांपैकी २३ टक्के माता या विकाराने ग्रस्त होत्या. आणि त्यांच्या दुःखाची मुळे होती दारिद्र्य, उपासमार, नवऱ्याची मारहाण आणि मुलगी झाल्याचा रोष. म्हणजे रोग मनाचा असला, तरी त्याची कारणे समाजव्यवस्थेत आहेत. २०१७ च्या दुरुस्त कायद्याने २६ आठवड्यांची भरपगारी प्रसूतिरजा मिळू लागली ती आस्थापनांतील नोकरदार स्त्रीला. मोहफुले वेचणाऱ्या, तेंदूची पुडकी बांधणाऱ्या बाईला रजा कोण देणार? हंगाम बाळंतिणीसाठी थांबत नाही, आणि हंगाम चुकला तर घरातील वर्षाची रोकड चुकते.

आदिवासी बाई मुळातच कणखर, तिला असले शहरी विकार कसले, असा एक सोयीचा समज कचेऱ्यांतून आढळतो. झारखंड व ओडिशाच्या आदिवासी जिल्ह्यांतील अनुभव त्याला खोटे पाडतो. ‘एकजुट’ या संस्थेच्या पुढाकाराने २००५ ते २००८ या काळात तेथे गावोगाव स्त्रियांचे गट भरले. गावातीलच एखादी बाई बैठक चालवी. बाळंतपणातील अडचणी आणि त्यांवरचे उपाय स्त्रियाच ठरवीत. तीन वर्षांत नवजात बालकांचे मृत्यू ३२ टक्क्यांनी कमी झाले आणि तिसऱ्या वर्षी मातांमधील मध्यम स्वरूपाचे नैराश्य ५७ टक्क्यांनी घटलेले आढळले. औषधाच्या गोळीवाचून, केवळ बायकांनी एकत्र बसून हे घडविले.

एटापल्लीत याचा पाया आधीच घातलेला आहे. २०१५ पासूनच्या अमृत आहार योजनेमुळे गरोदर व स्तनदा माता अंगणवाडीत एक वेळ जेवावयास येतात. त्या पंगतीनंतर तासभर गट भरविण्यास कोणता नवा निधी लागतो? आशा कार्यकर्तीच्या पत्रकात मनाची विचारपूस करणारे दोन-चार प्रश्न घालावेत. ते माडिया भाषेत असावेत, कारण दुःख परक्या भाषेत सांगता येत नाही. आणि त्या वाढीव कामाचा मोबदला तिला मिळावा. ज्यांना औषधोपचारांची गरज आहे त्यांच्यासाठी मनोविकारतज्ज्ञाने ठरल्या दिवशी तालुक्याला यावे. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ म्हणतो की उपचार घेणाऱ्या आईपासून तीन वर्षांखालील मूल सहसा तोडू नये. मग आईसह बाळाला ठेवता येईल अशी खाट रुग्णालयात असली पाहिजे. बंगळुरूच्या ‘निम्हान्स’मध्ये असा स्वतंत्र कक्ष २००९ पासून चालतो.

पैशाचा प्रश्न उपस्थित होईलच. त्याचे उत्तर तालुक्याच्या डोळ्यांसमोरून ट्रकांतून वाहत आहे. सुरजागडच्या डोंगरातून लोहखनिज निघते, आणि खाणबाधित भागाच्या हितासाठी जिल्हा खनिज प्रतिष्ठानचा निधी उभारण्याची तरतूद २०१५ च्या कायदादुरुस्तीने केली. आरोग्य आणि महिला-बालकल्याण हे त्या खर्चाचे अग्रक्रमाचे विषय ठरलेले आहेत. त्यातून हंगामी मजूर स्त्रीला बाळंतपणातील बुडीत मजुरी देणे ही मेहेरबानी ठरणार नाही. तो तिचा हक्कच आहे. ग्रामसभांनी ही मागणी ठरावाने करावी आणि तडीस न्यावी. बाळाचे वजन ग्रॅमच्या हिशेबाने नोंदविणाऱ्या शासनाला त्याच्या आईच्या मनावरचा भारही मोजावा लागेल.