ओळखीचे नाव आणि मतदाराचा कौल
निवडणूक दोन-तीन महिन्यांवर आली की जनमत चाचण्यांचे आकडे झळकू लागतात आणि ज्याच्या नावापुढे अल्प टक्केवारी असते तो उमेदवार मतदानापूर्वीच मोडीत निघतो. या आकड्यांचे मोल किती? समजा, महाराष्ट्रात २,४०० मतदारांची पाहणी झाली. लोकसभेच्या ४८ मतदारसंघांत एकेकाच्या वाट्याला सरासरी ५० माणसे येतात. घाटकोपर, मुलुंड, मानखुर्द अशी परस्परभिन्न वस्ती सामावणाऱ्या ईशान्य मुंबईचे मन पन्नास जणांना विचारून कसे कळावे?

२०१४ साली येथे आम आदमी पक्षातर्फे मेधा पाटकर उभ्या होत्या. त्यांना ७६ हजारांवर, म्हणजे सुमारे ९ टक्के मते पडली, अनामत गेली. पन्नासांच्या नमुन्यात हा पाठिंबा चार-पाच माणसांचा. त्यांतले दोघे त्या दिवशी घरी नसले की तो निम्म्यावर येतो! शिवाय नर्मदा आंदोलनामुळे त्यांचे नाव सर्वतोमुखी होते. आरंभीच्या चाचणीत मोजली जाते ती मुख्यतः ओळख, आणि ओळख म्हणजे मत नव्हे. उलट, १९७६ च्या आरंभी अमेरिकेत जिमी कार्टर हे नाव फारसे कोणाला ठाऊक नव्हते. त्याच वर्षअखेरीस ते अध्यक्षपदी निवडून आले.

चिंतेची बाब निराळीच आहे. आपल्याकडे सर्वाधिक मते मिळविणारा एकच विजयी होतो. त्यामुळे मत वाया कशाला घालवा, असे म्हणणारा मतदार चाचणी वाचून पसंती बदलतो आणि मग चाचणी अचूक ठरल्याचा डांगोरा पिटला जातो. त्या ७६ हजारांच्या मागून येऊ पाहणारे किती जण असे वाटेतूनच परतले, हे कोणत्याही मतमोजणीत उमटत नाही.