तिजोरीची किल्ली विधानसभेच्याच हाती

भिवंडीच्या यंत्रमाग कामगाराची मजुरी मीटरवर ठरते. वीज महागली की माग थांबतो आणि माग थांबला की चूल थंडावते. यंत्रमागाच्या वीजसवलतीसाठी विधानसभेने मंजूर केलेला पैसा म्हणूनच त्याच्या भाकरीशी निगडित आहे. हा पैसा अडविण्याचा अधिकार राज्यपालांना आहे काय?

राज्यघटना तसा अधिकार देत नाही. कलम 203 अन्वये अनुदानाच्या मागण्या मंजूर करणे, नाकारणे वा कमी करणे हे विधानसभेचे काम. मागणीला राज्यपालांची शिफारस लागते खरी. परंतु राज्यपालांनी सामान्यतः मंत्रिमंडळाच्या सल्ल्यानेच वागावे, हे सर्वोच्च न्यायालयाने 1974 साली शमशेर सिंग खटल्यात स्पष्ट केले. कलम 200 नुसार धन विधेयक फेरविचारार्थ परतही पाठविता येत नाही.

अमेरिकेतील विस्कॉन्सिनच्या गव्हर्नरने 2023 मध्ये अर्थसंकल्पातील ‘2024-25’ मधले आकडे खोडून शाळांची वार्षिक महसूलवाढ 2425 सालापर्यंत नेली! तो गव्हर्नर निदान लोकांनी निवडलेला होता. आपला राज्यपाल केंद्राच्या मर्जीने नेमला जातो. त्याच्या हाती अशी लेखणी घटनाकारांनी दिली नाही, हे योग्यच झाले.

महाराष्ट्रात कलम 371(2) चा दाखला दिला जाईल. विदर्भ, मराठवाडा आणि भिवंडी ज्यात मोडते तो उर्वरित महाराष्ट्र यांना निधीचे न्याय्य वाटप व्हावे, यासाठी 1994 मध्ये वैधानिक विकास मंडळे स्थापन झाली. त्यांची मुदत 30 एप्रिल 2020 रोजी संपली. परंतु प्रदेशांतील समतोल राखण्याची जबाबदारी म्हणजे मंजूर खर्चावर काट मारण्याचा परवाना नव्हे.

खरा धोका मौनाचा आहे. पंजाबात ऑक्टोबर 2023 मध्ये राज्यपालांनी तीन धन विधेयके मांडण्यास मान्यताच रोखली. 20 नोव्हेंबर 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रदीर्घ, अकारण दिरंगाईची दखल घेता येईल असे म्हटले. परंतु राज्यपालांवर ठराविक मुदत लादण्यास नकार दिला. मोघम आश्वासनावर गिरणगाव जगला नाही, भिवंडीही जगणार नाही. संसदेने घटनादुरुस्ती करून धन विधेयकांच्या शिफारशीला व संमतीला दिवसांची मुदत घालावी. राज्यपालांचे वेतन आणि त्यांच्या पदाचा खर्च मतदानाविना एकत्रित निधीतून सुटतो. मग मतदानाने मंजूर झालेली कामगाराची सवलत मेजावर का अडावी?