दोन पाणलोटांमधली गाडी

मनमाडकडे निघालेली गाडी लासलगाव सोडते आणि एक छोटं स्टेशन मागे पडतं. पिवळ्या पाटीवर नाव आहे ‘समिट’. रेल्वेच्या इंजिनिअरांनी चढाच्या माथ्याला दिलेलं हे नाव. इथवरचा पाऊस गोदावरीत जाऊन बंगालच्या उपसागराला मिळतो. पुढे मनमाडचं पाणी पांझण नदीतून गिरणेला, तिथून तापीला आणि शेवटी अरबी समुद्राला. याच मार्गावर आधी लागणाऱ्या कसाऱ्याच्या घाटातही असंच घडतं, फक्त दिशा उलटी. 1865 साली सुरू झालेल्या त्या घाटात 37 फुटांना एक फूट असा खडा चढ आहे, बहुतेक गाड्यांना वर यायला मागून जादा इंजिन लावावं लागतं. म्हणजे सव्वाशे किलोमीटरमध्ये आपण दोन पाणलोट ओलांडतो. घोटी, अस्वली, लहवितला भातखाचरं, निफाडला द्राक्षबागा, लासलगावला कांदा, आणि मनमाडच्या पुढे पानेवाडी, हिसवहळ, पांझण, नांदगाव हा पर्जन्यछायेतला उघडा, खडकाळ मुलूख. मनमाडकरांना नळाच्या पाण्याची वर्षानुवर्षं किती वाट पाहावी लागली, ते साऱ्या नाशिक जिल्ह्याला ठाऊक आहे. हा भूगोल शाळेत नकाशावर शिकवतात आणि मुलं तो पाठ करून विसरतात. नाशिकच्या शिक्षकांना माझी कळकळीची विनंती आहे: वर्ग एकदा पॅसेंजर गाडीत बसवा, खिडकीशी जागा द्या आणि प्रत्येक स्टेशनाचं नाव मुलांकडून मोठ्यानं वाचून घ्या.