पहार कुठे वाजते?

जुनी सोसायटी पाडून तिच्या जागी पंचवीस-तीस मजल्यांचा टॉवर उभारायचा, हा बेत हल्ली मुंबई-पुण्याच्या दर दुसऱ्या घरात शिजतो आहे. सभा भरतात. चटईक्षेत्र किती वाढणार, तोपर्यंतचे भाडे कोण देणार, स्वयंपाकघराला गॅलरी असेल का, गाडी कुठे लावायची, देवघर कोणत्या दिशेला, अशी प्रश्नांची नुसती फैर झडते. अशा ज्या दोन-चार सभांना मी बसलो, त्यांत पायाविषयी कोणी अवाक्षर काढलेले मला आठवत नाही. एरवी आपली भाषा पायाला फार मानते. कोणत्याही संस्थेचा सुवर्णमहोत्सव घ्या, पहिल्याच भाषणात ‘पायाचे दगड’ येतात म्हणजे येतातच! पण हा मान व्यासपीठापुरता. भूमिपूजनाचा नारळ फुटला की भोवती पत्रे उभे राहतात, आणि पत्रे निघतात तेव्हा इमारत आभाळाला भिडलेली असते. पत्र्यांच्या आड जे चालते, त्यातल्या एका अवघड प्रश्नाची ही हकीगत. प्रश्न असा, की खाली जाता जाता थांबायचे कुठे?

वाड्यांच्या काळात तो फारसा अवघड नव्हता. माती संपली की मुरूम, मुरमाखाली मांजऱ्या आणि मग काळा दगड. पहार खणकन वाजली की गवंडी म्हणायचा, ‘बस, भरा आता.’ दोन-तीन माळ्यांच्या ओझ्याला एवढी परीक्षा पुरे. देशावर खडक जवळ, म्हणून आपल्याला वाटते की तो सगळीकडे असाच असेल. गंगा-यमुनेच्या काठी जाऊन पाहा. खोल खोल नुसता गाळ आणि वाळू. तिकडच्या कारागिरांनी मग नामी युक्ती काढली. पक्की विहीर बांधायची आणि तिच्या पोटातली वाळू उपसत राहायची. विहीर आपल्याच वजनाने खाली बसत जाते, वर बांधकाम चढत जाते. पुरेशी खोल गेली की ती भरून टाकायची. यमुनेकाठच्या ताजमहालाखाली अशा विहिरी आहेत, आणि पुढे रेल्वेचे मोठमोठे पूलही याच रीतीने उभे राहिले.

पण ‘पुरेशी खोल’ म्हणजे किती? या प्रश्नापायी एका माणसाच्या जिवाची काय उलघाल झाली असेल, ते पाहायला न्यूयॉर्कला जायला हवे.

१८७० साली तिथे ब्रुकलिनच्या पुलाचे काम सुरू झाले. पुलाची कल्पना जॉन रोब्लिंग या इंजिनियरची. पण काम सुरू होण्याआधीच पायाला झालेल्या जखमेतून धनुर्वात होऊन तो १८६९ साली वारला, आणि सारा भार बत्तीस वर्षांच्या मुलावर, वॉशिंग्टनवर पडला. नदीत दोन प्रचंड मनोरे उभारायचे होते. पाण्यात पेला उपडा घातला तर आत हवा कोंडून राहते आणि पाणी शिरत नाही, हे आपण लहानपणी पाहिलेले असते. तसाच लाकडाचा एक अवाढव्य उपडा पेटारा, न्यूयॉर्कच्या बाजूचा तर १७२ फूट लांब आणि १०२ फूट रुंद, नदीच्या तळाशी बसवला. वर मनोऱ्याचे दगड रचायचे, खाली पेटाऱ्यात मजुरांनी गाळ खणायचा, म्हणजे सगळेच हळूहळू खाली उतरते. नदीचे पाणी आत येऊ नये म्हणून यंत्राने हवा दाबून भरलेली. त्या हवेत माणसांचे आवाज चिरके होत, शीळ घालता येत नसे, फुंकून विझवलेली मेणबत्ती पुन्हा आपोआप पेटे. मजुरी दिवसाला दोन डॉलर.

ब्रुकलिनच्या बाजूला साधारण ४४ फुटांवर कठीण थर लागला आणि तिथे काम आटोपले. न्यूयॉर्कच्या बाजूला मात्र वाळू संपेचना. जितके खोल जावे तितकी हवा अधिक दाबावी लागे, आणि वर आलेल्या माणसांचे हात-पाय वेदनांनी पिळवटून निघत. कोणाचे पाय लुळे पडत. सोड्याच्या बाटलीचे बूच काढल्यावर बुडबुडे उसळतात ना, तसेच दाबाखालून एकाएकी बाहेर आलेल्या माणसाच्या रक्तात नायट्रोजनचे बुडबुडे होतात, हे आज आपण जाणतो. त्या वेळी कामावरच्या डॉक्टरलाही ते ठाऊक नव्हते. त्याने अशा ११० आजाऱ्यांची नोंद मात्र ठेवली. १८७२ च्या एप्रिल-मे महिन्यांत तीन मजूर दगावले.

पेटारा आता ७८ फुटांवर होता. खडक फार लांब नव्हता, पण तो कुठे वर, कुठे खाली असा उंचसखल होता. तो गाठून सपाट करायचा म्हणजे आणखी कित्येक महिने आणि आणखी कित्येक प्रेते. इकडे वाळूवर थांबावे, तर वर हजारो टनांचा मनोरा आणि त्यावरून रोज जाणारी हजारो माणसे! खालची वाळू वॉशिंग्टनने वारंवार तपासली. ती दगडगोट्यांसह घट्ट बसलेली होती आणि युगानुयुगे जागची हललेली नव्हती. १८ मे १८७२ रोजी त्याने खोदाई थांबवली. त्याच उन्हाळ्यात तो स्वतः त्या रोगाने अंथरुणाला खिळला. पुढे कित्येक वर्षे तो खिडकीतून दुर्बिणीने काम पाही. त्याचे निरोप घेऊन त्याची पत्नी एमिली पुलावर जाई, आणि तांत्रिक बाबी शिकून इंजिनियरांशी तीच बोले. २४ मे १८८३ रोजी पूल खुला झाला. तो मनोरा आजही त्या वाळूवर उभा आहे. वॉशिंग्टनच्या थोरवीविषयी पुष्कळ लिहिले जाते. मला त्याची थोरवी थांबण्यात दिसते. पुढे जाण्याचा हुकूम देणारे जगात कमी नाहीत.

तर मग खडक गाठलाच पाहिजे असे नाही. दुबईचा बुर्ज खलिफा, उंची ८२८ मीटर, २०१० साली खुला झाला. त्याच्याखाली दीड मीटर जाडीचे १९२ काँक्रीटचे खांब आहेत. आपल्याकडचे मिस्त्री त्यांना पाइल म्हणतात. तिथला खडक ठिसूळ. त्यामुळे हे पाइल मुख्यतः आपल्या अंगाच्या घर्षणाने ओझे पेलतात. ओल्या वाळूत खोल रोवलेली काठी दाबून पाहा. टोकाखाली दगड नसला तरी ती सहजी आत जात नाही, कारण भोवतालची वाळू तिला धरून ठेवते.

आता तिसरी गोष्ट. सॅन फ्रान्सिस्कोत २००९ साली मिलेनियम टॉवर नावाची ५८ मजली श्रीमंती इमारत राहायला खुली झाली. तिचे नऊशेहून अधिक पाइल ६० ते ९० फुटांवर घट्ट वाळूत थांबवले होते. खडक होता २०० फुटांच्याही खाली. २०१६ साली बाहेर फुटले की इमारत सोळा इंच खचली आहे आणि कललीही आहे. बांधणाऱ्यांनी शेजारच्या मोठ्या खोदकामाकडे बोट दाखवले, कोर्टकचेऱ्या झाल्या. २०२१ साली दुरुस्ती सुरू केली, तर इमारत आणखीच कलू लागली, म्हणून काम काही काळ थांबवावे लागले. अखेर १८ नवे पाइल थेट खडकापर्यंत नेऊन २०२३ मध्ये दुरुस्ती संपली. खर्च सुमारे दहा कोटी डॉलर.

तुम्ही म्हणाल, वाळू तिथेही आणि वाळू इथेही, मग एक मनोरा ताठ आणि दुसरा तिरका का? ब्रुकलिनच्या वाळूखाली लगेच खडक होता. सॅन फ्रान्सिस्कोच्या वाळूखाली होती जुन्या खाडीची जाड चिकणमाती. ओझे पडले की तिच्यातले पाणी वर्षानुवर्षे हळूहळू पिळून निघते आणि ती दबत जाते. वाळू बिचारी घट्टच राहिली. तिच्याखालची गादी दबली.

आपल्या मुंबईचा तळ म्हणजे लाव्ह्याचे थर, चिरोट्याच्या पदरांसारखे एकावर एक. काळ्या दगडाखाली कुठे मऊ लाल थर निघतो, कुठे राखेचा ठिसूळ दगड, आणि त्याखाली पुन्हा काळा पाषाण. २००९ साली वाहतुकीला खुल्या झालेल्या वांद्रे-वरळी सागरी सेतूसाठी ६०४ पाइल घातले. कोणी सहा मीटरवर थांबला, तर कोणी चौतीसवर! म्हणजे एकाच पुलाखाली जागोजागी तळ वेगळा. तिथे पहार वाजली एवढ्यावर कोण विसंबेल? वाजणारा दगड दहा फूट जाड आहे की दोन, हे पहार सांगत नाही. ते कळायला जमिनीत बारीक, खोल भोके पाडून थराथराचे नमुने काढावे लागतात, आणि ती भोके पाइलच्या टोकाच्याही बरीच खाली न्यावी लागतात.

बिल्डरकडे या भोकांचा अहवाल असतो. पुढच्या सभेत गॅलरीचा विषय निघण्याआधी तो मागा. त्यात प्रत्येक भोकाचा उभा तक्ता असतो. कोणत्या खोलीला काय लागले ते क्रमाने लिहिलेले. शेवटची नोंद किती मीटरवर आहे ते पाहा, आणि आपले पाइल किती मीटरवर थांबणार आहेत, तो आकडा इंजिनियरकडून तिच्या शेजारी लिहून घ्या.